शेवटच्या नळाला क्लोरीन आहे का? नळाच्या पाण्यातले जंतू ओळखण्याची आणि मारण्याची पद्धत

पाणी काचेसारखं दिसतं, वास नाही, चव नाही, म्हणजे पाणी चांगलं, हा समज सगळ्यात जास्त नडतो. मैल्यातून पाण्यात येणारा ई-कोलाय हा जंतू मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाएवढा असतो. पेलाभर पाण्यात असे शेकडो असले तरी पाणी नितळच दिसतं. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आयएस १०५००: २०१२, याबाबतीत कसलीही सूट देत नाही. १०० मिलिलिटर पाण्यात एकही ई-कोलाय सापडता कामा नये.

पण जंतू रोज मोजणं जमत नाही. नमुना प्रयोगशाळेत नेला की अहवाल यायला एक ते दोन दिवस जातात, आणि तोवर ते पाणी अख्ख्या गल्लीने पिऊन झालेलं असतं. म्हणून रोज मोजायचा तो पाण्यातला राखणदार, म्हणजे मोकळा क्लोरीन. तोही टाकीजवळ नाही, तर वाहिनीच्या शेवटच्या टोकाच्या नळाला. तिथे लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन हवा. कावीळ किंवा गॅस्ट्रोची साथ असेल, पूर ओसरत असेल, तर किमान ०.५. टाकीखालच्या पहिल्या नळाला आलेला पिवळा रंग बघून वहीत 'ठीक' लिहिणं ही आपल्याकडची जुनी खोड आहे. पहिल्या नळाला क्लोरीन असणारच, आत्ताच तर टाकलाय! वाटेत गटाराचं पाणी मिसळलं असेल तर ते शेवटच्या नळालाच कळतं.

रोजची ओटी (ऑर्थोटोलिडीन) चाचणी, नीट केलेली

ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे आणि पालिकेच्या पाणी विभागाकडे क्लोरोस्कोप, म्हणजे रंग जुळवून क्लोरीन मोजायचा छोटा संच, असतो. एखाद्या तरुण मंडळाने गल्लीसाठी एक घेऊन ठेवला तरी तो महाग नाही. नळ सुरू झाल्यावर दोन-तीन मिनिटं पाणी वाहू द्या. नळी त्याच पाण्याने दोनदा विसळा, खुणेपर्यंत भरा, ऑर्थोटोलिडीनचे थेंब किटवर लिहिलेत तेवढेच टाका, बूच लावून एकदा उलटी-सुलटी करा आणि लगेच, पहिल्या १० सेकंदांत, पांढऱ्या कागदासमोर धरून रंग जुळवा. उन्हात नको, सावलीतल्या उजेडात.

हे १० सेकंद फार महत्त्वाचे. मोकळा क्लोरीन लगेच पिवळा होतो. पाच-दहा मिनिटांनी जो रंग गडद होत जातो तो जोडलेला क्लोरीन असतो, म्हणजे मैल्यातल्या अमोनियाशी आधीच लढून दमलेला. तो जंतू मारतो, पण फार सावकाश. नळी खिडकीत ठेवून चहा पिऊन आल्यावर रंग पाहिला, तर ०.१ चं पाणीही ०.५ दिसू शकतं. नदीचं पाणी आटलेल्या दिवसांत, बंधाऱ्याला बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) घातल्यावर साचलेल्या पाण्यात अमोनिया वाढतो, तेव्हा ही चूक हमखास होते. 'पाण्याला पावडरचा लई वास येतोय' ही तक्रारही याच दिवसांत जास्त येते. उग्र वास म्हणजे ब्लीचिंग पावडर, म्हणजेच टीसीएल, जास्त झाली असंच नाही. बऱ्याचदा त्याचा अर्थ क्लोरीन अमोनियात गुंतलाय आणि मोकळा उरलाच नाही असा असतो. अशा वेळी लोकांच्या ओरड्याने डोस कमी करू नका, आधी १० सेकंदांची चाचणी करा.

विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्यात लोह, मँगनीज किंवा नायट्राइट असेल तर क्लोरीन नसतानाही पिवळी छटा येते. शंका आली तर पावडर न टाकलेलं कच्चं पाणी घेऊन तीच चाचणी करा. तिथेही रंग आला तर ओटीवर विसंबू नका, डीपीडीची गोळी वापरा. त्यात मोकळ्या क्लोरीनला गुलाबी रंग येतो आणि घोटाळा कमी होतो. ऑर्थोटोलिडीन विषारी आहे. त्यामुळे कर्करोग होऊ शकतो असं मानलं जातं, म्हणून बोटाने नळीचं तोंड दाबून हलवायची सवय सोडा आणि तपासलेलं पाणी हांड्यात परत ओतू नका.

वहीत फक्त आकडा लिहून भागत नाही. तारीख, वेळ, कोणाच्या दारचा नळ, पाणी सुटून किती मिनिटं झाली, हे चारही लिहा. महिन्याभराने बिघाड शोधायची वेळ येते तेव्हा हीच वही कामाला येते.

आकडा शून्य आला

टाकीजवळ ०.८ आणि टोकाला शून्य, तर क्लोरीन वाटेत कशाने तरी खाल्ला. पावडर वाढवून टोकाचा आकडा वर आणता येतो, पण मैला वाहिनीत शिरतच राहतो. दोन्ही कामं एकत्र करायची: डोस तात्पुरता वाढवायचा आणि शिरण्याची जागा शोधायची.

मैला दाबाच्या पाण्यात शिरतोच कसा, हा प्रश्न नेहमी येतो. वाहिनीत दाब असतो तोवर फटीतून पाणी बाहेर जातं, आत काही येत नाही. पण आपल्याकडे पाणी दिवसातून दोन-तीन तासच येतं. पाणी बंद झालं की वाहिनी उताराकडे रिकामी होते आणि आत पोकळी तयार होते. पाणी जायच्या वेळी उंचावरच्या घराच्या उघड्या नळाखाली ओला कागद धरून बघा. नळ 'सूं' करून कागद ओढून घेतो. जो नळ हवा ओढतो, तीच वाहिनी फट असेल तिथे गटारातलं पाणीही ओढते. रात्रभर ते आत साचतं आणि सकाळी पाणी सुटलं की पहिल्या लोटासरशी घराघरांत जातं.

नळाला थेट जोडलेली मोटर हेच काम पाणी चालू असताना करते. एका घराने मोटर लावली की शेजारच्या चार घरांचा दाब पडतो, मग तेही मोटर लावतात, आणि अख्ख्या गल्लीच्या वाहिनीत दाबाऐवजी ओढ तयार होते. मोटर जमिनीखालच्या टाकीतून वर पाणी चढवायला वापरा, नळाला कधीच लावू नका. गल्लीने बैठक घेऊन ठरवायची गोष्ट असेल तर ती हीच.

आता जागा शोधणं. घरच्या जोडणीचा १५ मिलिमीटरचा पाइप मीटरभर लांबीत सुमारे ०.१८ लिटर पाणी धरतो. म्हणजे रस्त्यापासून नळापर्यंत १० मीटर असतील तर आत जेमतेम दोन लिटर. रस्त्यातली ८० मिलिमीटरची वाहिनी मात्र मीटरला ५ लिटर धरते. सकाळी पाणी आल्याबरोबर पहिला तांब्या, दुसरा तांब्या, मग कळशी, मग हांडा असं वेगवेगळं धरा आणि प्रत्येकाचा वास व क्लोरीन बघा. पहिल्या दोन-तीन लिटरलाच वास असेल आणि पुढे पाणी साफ, क्लोरीनही दिसतो, तर फट तुमच्याच जोडणीत आहे. हांडेच्या हांडे भरले तरी वास जात नसेल तर बिघाड रस्त्यातल्या वाहिनीत. चार शेजारच्या घरांत हेच एकाच वेळी केलं तर कोणत्या घरापासून वास सुरू होतो ते अर्ध्या तासात समजतं. खोदाई करणाऱ्यांना जागा दाखवता येते, नाहीतर निम्मी गल्ली उगाच उकरली जाते.

कोल्हापूरच्या जुन्या पेठांमध्ये, शिवाजी पेठ असो की मंगळवार पेठ, बोळ अरुंद आहेत आणि घरांच्या जोडण्या बऱ्याच ठिकाणी गटार ओलांडून किंवा थेट गटारातूनच जातात. गटारावरची फरशी उचलून पाइपकडे नीट बघा. वरून तो गंजलेला, पण धड दिसतो. हात घालून खालची बाजू चाचपली की खरं कळतं. गाळ टेकतो तिथे गंजाचे पापुद्रे सुटलेले असतात, नखाने खरवडलं की सुईच्या टोकाएवढं भोक मोकळं होतं. पाणी चालू असताना त्यातून बारीक धार गटारात पडत असते, आवाज नाही, ओल नाही, कारण खाली सगळं ओलंच आहे. तेवढं भोक पुरतं. असा पाइप क्लॅम्प मारून ठेवू नका, चार महिन्यांत शेजारीच दुसरं भोक पडतं. जोडणी गटाराच्या वरून फिरवून घ्या. ते शक्यच नसेल तर गटारातल्या भागात अखंड, सांधा नसलेला प्लास्टिकचा पाइप टाका आणि त्याला बाहेरून जाड पाइपचं कवच द्या, कवचाची दोन्ही टोकं गटाराच्या भिंतीबाहेर निघाली पाहिजेत.

आणखी तीन जागा बघायच्या. व्हॉल्व्हचे चेंबर: त्यात पाणी साचलेलं असेल आणि व्हॉल्व्हच्या दांड्याभोवतीची ग्लँड गळत असेल, तर पुरवठा बंद असताना चेंबरचं घाण पाणी तिथूनच आत जातं. बंद केलेल्या जुन्या जोडण्या: घर पाडलं, नळ काढला, पण पाइपचं टोक लाकडाची खुंटी ठोकून मातीत सोडलेलं असतं. आणि नळाला लावलेला रबरी पाइप, ज्याचं दुसरं टोक गोठ्याच्या बादलीत किंवा मोरीत पडलेलं असतं. पाणी गेलं की हा पाइप उलटा ओढतो. रबरी पाइपचं तोंड नेहमी भांड्याच्या काठाच्या वर ठेवा.

दुरुस्ती झाली की लगेच पाणी सोडून मोकळं होऊ नका. नवीन तुकडा आणि सांधे आतून १ टक्का क्लोरीनच्या द्रावणाने पुसून घ्या. ताजी टीसीएल असेल तर लिटरभर पाण्यात ३० ग्रॅम घालून वरची निवळ घेतली की ते द्रावण झालं. मग टोकाचा वॉशआउट (वाहिनी धुवायचा व्हॉल्व्ह) उघडून वाहिनी धुवून काढा, पाणी नितळ येईपर्यंत, आणि टोकाला ०.५ दिसल्यावरच लोकांना पाणी भरायला सांगा.

टीसीएल किती टाकायची

'हजार लिटरला पाच ग्रॅम' हा आकडा गावोगावी पाठ आहे. तो चुकीचा नाही, पण तो स्वच्छ पाण्याचा आणि ताज्या पावडरचा आकडा आहे. चांगल्या टीसीएलमध्ये ३३ टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतो. गोणी उघडी राहिली, ओल लागली, उन्हात पडली की तो महिन्या-महिन्याला उडत जातो. २० टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर भरवशाची नाही. ती नेहमीच्या मापाने पाण्यात टाकून समाधान मिळतं, जंतू पुरेसे मरत नाहीत. नवीन गोणीचा नमुना जिल्हा आरोग्य प्रयोगशाळेत पाठवून टक्केवारी लेखी घ्या. पावडर घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या पिंपात, कोरड्या अंधाऱ्या खोलीत, फळीवर ठेवा. पत्र्याचा डबा नको, तो गंजून जातो. ग्रामपंचायतीच्या कार्यालयातच, कागदपत्रांच्या कपाटाशेजारी तर अजिबात नको.

पावडरची ताकद आणि पाण्याची भूक, दोन्ही एकाच वेळी सांगणारी जुनी, भरवशाची पद्धत म्हणजे हॉरॉक्स चाचणी. पेटीत सहा पांढरे कप, एक काळा कप, दोन चमचे, थेंब टाकायची नळी आणि स्टार्च-आयोडाइडचं द्रावण असतं. काळ्या कपात सपाट एक चमचा, म्हणजे २ ग्रॅम, टीसीएल घ्या. थोड्या पाण्यात तिची पेस्ट करा, खुणेपर्यंत पाणी घाला, जोरात ढवळा आणि निवळू द्या. तपासायचं पाणी सहाही पांढऱ्या कपांत काठाच्या एक सेंटिमीटर खालीपर्यंत भरा. आता काळ्या कपातली वरची निवळ पहिल्या कपात १ थेंब, दुसऱ्यात २, असं सहाव्यात ६ थेंब टाका. प्रत्येक कप ढवळा आणि अर्धा तास थांबा. मग प्रत्येकात स्टार्च-आयोडाइडचे ३ थेंब. ज्या पहिल्या कपात स्पष्ट निळा रंग येतो, तो आकडा म्हणजे ४५५ लिटर पाण्याला लागणारे सपाट चमचे.

हजार लिटरचा हिशेब हवा असेल तर कपाचा आकडा गुणिले ४.४ ग्रॅम. पहिल्याच कपात निळं आलं तर ४.४ ग्रॅम, म्हणजे आपला पाच ग्रॅमचा नियम बरोबर. तिसऱ्या कपात आलं तर १३ ग्रॅमच्या वर. पावसाळ्यात नदीकाठच्या गावांत तिसरा-चौथा कप यायला वेळ लागत नाही, आणि तिथे पाच ग्रॅमवर थांबलं की सगळी पावडर गाळातच खर्ची पडते. सहाव्या कपातही निळं आलं नाही तर ते पाणी त्या पावडरने सुधारण्यातलं नाही. एकतर पावडर मेलेली आहे, नाहीतर पाणी फार घाण आहे.

विहिरीचं पाणी मोजायला सोपं सूत्र: व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची उंची, सगळं मीटरमध्ये, गुणिले ७८५, उत्तर लिटरमध्ये. ६ मीटर व्यास, ४ मीटर पाणी, म्हणजे सुमारे १ लाख १३ हजार लिटर. पाच ग्रॅमच्या नियमाने ५६५ ग्रॅम पावडर. तिसऱ्या कपाच्या हिशेबाने मात्र दीड किलो. इतका फरक पडतो!

पावडर तशीच भुरभुरू नका. ती तरंगते, गुठळ्या होतात, चुना तळाला बसतो. बादलीत थोडं पाणी घालून पेस्ट, मग पाऊण बादली पाणी, ढवळून १० मिनिटं निवळू द्या. वरचं पाणी दुसऱ्या बादलीत काढून घ्या, खालचा चुना खड्ड्यात टाका, विहिरीत नाही. विहिरीत ती बादली दोरीने पाण्याखाली सोडून वर-खाली, चारी बाजूंना हलवा. टाकीत पाणी चढत असतानाच द्रावण सोडा म्हणजे आपोआप मिसळतं. विहिरीला किमान एक तास, टाकीला किमान अर्धा तास द्यायचाच. उघड्या विहिरीत संध्याकाळी टाका, ऊन क्लोरीन उडवून लावतं. हातमोजे, चष्मा, नाकाला फडकं आणि वाऱ्याकडे पाठ. टीसीएल आणि संडास धुण्याचं अ‍ॅसिड एकत्र आलं तर क्लोरीन वायू निघतो, तो छातीत भरतो. दोन्हींसाठी एकच बादली वापरू नका.

पाणी गढूळ असेल तर आधी गाळ बसवा. जंतू गाळाच्या कणांत दडून बसतात आणि क्लोरीन त्यांच्यापर्यंत पोचत नाही. मानकात गढूळपणा १ एनटीयू (गढूळपणा मोजायचं एकक) चालतो, दुसरी सोयच नसेल तर ५. तुरटी गाळ खाली बसवते, जंतू मारत नाही. तुरटी फिरवलेलं पाणी नितळ दिसतं म्हणून तसंच पिणं हा मोठा धोका.

टँकरचंही तसंच. यात्रा, लग्न, महाप्रसाद, कुठेही टँकर आला की पाणी उतरवण्याआधी त्याच्या तोटीला ओटी करा. ०.५ नसेल तर टँकरमध्येच निवळ सोडा, अर्धा तास थांबा, पुन्हा बघा.

प्रयोगशाळेचा नमुना आणि काळी पडणारी बाटली

बाटली प्रयोगशाळेतूनच आणा. ती निर्जंतुक केलेली असते आणि आत थोडं सोडियम थायोसल्फेट असतं, पाण्यातला क्लोरीन तिथल्या तिथे थांबवण्यासाठी. बाटली विसळली की ते धुऊन जातं, मग वाटेत क्लोरीन उरलेले जंतू मारत राहतो आणि अहवाल खोटा चांगला येतो. नळावरचा रबरी पाइप आणि जाळी काढा. तोंड पुसून स्पिरिटच्या बोळ्याच्या ज्योतीने भाजा (नळ प्लास्टिकचा असेल तर क्लोरीनच्या पाण्याने पुसा), दोन-तीन मिनिटं पाणी सोडा. झाकण हातातच धरा, खाली ठेवू नका, आतल्या बाजूला बोट लावू नका. वर दोन-अडीच सेंटिमीटर जागा सोडून भरा. बर्फाच्या डब्यात घालून शक्यतो ६ तासांत पोचवा. २४ तासांच्या वर गेलेला नमुना टाकून दुसरा घ्या.

गावात ठेवायला एचटूएसची बाटली चांगली. खुणेपर्यंत पाणी भरायचं आणि खोलीच्या उबेत ४८ तासांपर्यंत ठेवायची. पाणी काळं पडलं तर मैल्याचे जंतू असण्याची दाट शक्यता. थंडीत बाटली चुलीपासून जरा अंतरावर, उबेत ठेवा, नाहीतर ४८ तासही अपुरे पडतात. काळ्या बाटलीत आता लाखो जंतू वाढलेले असतात. तिच्यात चमचाभर टीसीएल घालून अर्ध्या तासाने संडासात ओता, मुलांच्या हाती लागू देऊ नका.

या दोन्ही चाचण्या जिवाणूंच्या. २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीची जी मोठी साथ आली तो हेपेटायटिस ई होता, म्हणजे विषाणू. तो मैल्यातूनच येतो, पण जिवाणूंपेक्षा चिवट असतो, म्हणून साथीत ०.५ चा आग्रह. शिवाय दूषित पाणी प्यायल्यावर कावीळ दिसायला दोन आठवड्यांपासून दोन महिन्यांपर्यंत वेळ जातो. आज रुग्ण सापडले तर गेल्या दोन महिन्यांची वही उघडा. गरोदर बाईला हा आजार जिवावर बेततो. नळाचा आकडा शून्य असेल त्या दिवसापासून तिचं पाणी उकळूनच द्या.

घरात

उकळणं म्हणजे बुडबुडे दिसले की गॅस बंद करणं नव्हे. खळखळून उकळी आली की पूर्ण एक मिनिट, मग झाकून, त्याच भांड्यात गार करा. क्लोरीनला दाद न देणारे परजीवीही यात मरतात. पाणी घ्यायला लांब दांड्याचं वगराळं किंवा तोटीचं पिंप ठेवा, तांब्या बुडवला की बोटं बुडतात. तांब्याच्या कळशीत रात्रभर ठेवलेल्या पाण्यात जिवाणू कमी होतात हे खरं, पण साथीत त्यावर भिस्त ठेवू नका. आरओ यंत्रातला कोळसा क्लोरीन काढून टाकतो, म्हणून त्यातलं पाणी उघड्या भांड्यात दोन दिवस ठेवलं तर त्याला कुणीच राखणदार नसतो.

जमिनीखालच्या टाकीचं झाकण अंगणाच्या किमान वीतभर वर हवं आणि ओव्हरफ्लोचा पाइप गटारात उतरवलेला नको. टाकी धुवायची असेल तर गाळ काढून, घासून, पुन्हा भरा आणि हजार लिटरला १५० ग्रॅम ताज्या टीसीएलची निवळ सोडा. टाकीजोडचे सगळे नळ क्लोरीनचा वास येईपर्यंत उघडून बंद करा. रात्रभर ठेवा, घाई असेल तर किमान चार तास. मग सगळं पाणी सोडून द्या, ते पिण्याचं नाही. बंदिस्त टाकीत एकट्याने उतरू नका, वर एक माणूस आणि कमरेला दोरी हवीच.

पुराच्या दिवसांत

कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. पाणी इशाऱ्याकडे सरकायला लागलं की नदीकाठच्या गावांनी टीसीएलचं पिंप उघडून हॉरॉक्स करून बघावी, ओटीची बाटली भरलेली आहे का पाहावं. २०१९ आणि २०२१ मध्ये उपसा केंद्रंच पाण्यात गेली आणि शहराचा पुरवठा बंद पडला, तेव्हा अनेकांना टँकरवर राहावं लागलं. पिण्याचं पाणी माणशी रोज ३ लिटर धरून आठवड्याचं साठवा. साठवलेल्या पाण्यातही दोन दिवसांनी क्लोरीन तपासा.

पुरवठा परत सुरू झाला की पहिला दिवस पाणी फक्त धुण्या-पुसण्याला. रिकाम्या वाहिन्या त्या काळात गाळात बुडालेल्या होत्या. बुडालेल्या विहिरीचं पाणी आधी उपसा, गाळ काढा, मग हॉरॉक्स, मग पावडर. दुसऱ्या दिवशी पुन्हा हॉरॉक्स, कारण आजूबाजूच्या भिजलेल्या मातीतून घाण झिरपतच असते. टोकाच्या नळाला ०.५ सलग तीन दिवस आणि एचटूएसच्या लागोपाठ दोन बाटल्या स्वच्छ, एवढं झाल्याशिवाय उकळणं थांबवू नका.

या काळात कुणाला पाण्यासारखे जुलाब सुरू झाले तर अहवालाची वाट बघू नका. लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट ६ चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, घोट-घोट, आणि प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा कोल्हापूरचं सरकारी रुग्णालय, सीपीआर, गाठा. एकाच गल्लीत दोन-तीन घरांत जुलाब दिसले की त्याच दिवशी आरोग्य सेवकाला आणि पाणी विभागाला लेखी कळवा: घरांची यादी, पाणी येण्याची वेळ, शेवटच्या नळाचा आकडा. सोबत वहीच्या त्या पानाचा फोटो जोडा.